सेप्सिसची शंका आली तर: घरातून आयसीयूत आणि तिथून परत घरी

२०२२च्या गौरी. नैवेद्याचं पुरण पुरणयंत्रातून काढता काढता आई थांबली, आणि मला तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारून म्हणाली, "जायफळ कुठं ठेवलंस गं?" मावशी जाऊन अकरा वर्षं झाली होती. आम्ही हसलो. सणाची दगदग, दुसरं काय.

हरतालिकेपासून तिला लघवीला जळजळ होती, डाव्या कुशीत दुखत होतं. उपासात पाणी कमी प्यायली, उन्हाळी लागली असेल, असं घरात परस्पर ठरलं. धन्याजिऱ्याचं पाणी चालू होतं. ताप असा नव्हताच, नुसती कणकण. तिने हाक मारली ते सकाळी अकराला. दुपारी जवळच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. संध्याकाळी सहाला त्यांच्याच दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "बीपी लागत नाही." पहिल्या हॉस्पिटलात आयसीयूचा बेड नव्हता, हे आम्हाला फॉर्म भरून झाल्यावर कळलं. दुसऱ्या हॉस्पिटलात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. म्हणजे दहा तास चाळीस मिनिटं. आई वाचली. हा हिशोब मात्र माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. पुढचं सगळं नातेवाईक म्हणून शिकलेलं आहे, नंतर डॉक्टरांना विचारून आणि वाचून पक्कं केलेलं. औषध कुठलं, किती, हे यात सापडणार नाही. वेळ कुठे वाया जातो, ते सापडेल.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

आपल्याकडे "रक्तात जंतू पसरले" असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. इन्फेक्शन कुठेही असू शकतं: लघवीत, फुप्फुसात, पोटात, पायाच्या जखमेत, दाताच्या मुळाशी. त्याच्याशी लढताना शरीराची स्वतःचीच प्रतिक्रिया हाताबाहेर जाते आणि ती आपल्याच किडनीला, फुप्फुसाला, मेंदूला इजा करायला लागते, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणतात. रक्तदाब इतका कोसळला की नुसत्या सलाईनने तो सावरत नाही, तो पुढचा टप्पा: सेप्टिक शॉक.

हा शब्द आपल्या घरांत पोचलेलाच नाही. माणूस "न्यूमोनियाने गेला", "साखर वाढून पायाला सडका घाव झाला त्याने गेला", "बाळंतपणात गेली" असंच आपण म्हणतो. २०१७ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण होते आणि १ कोटी १० लाख मृत्यू, म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसवर ठरावही केला. माझ्या आईच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या सात-आठ नातेवाइकांपैकी एकानेही हा शब्द त्याआधी ऐकलेला नव्हता. त्यात मीही आले.

२. घरातल्या माणसाचं 'नेहमीचं' लिहून ठेवा

हे आज करा, सगळे धडधाकट असताना. सगळ्यात उपयोगी काम हेच आहे.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना समोर एक म्हातारी बाई दिसते, ग्लानीत, तुटक बोलणारी. त्यांना वाटू शकतं की वयामुळे ही अशीच असेल. ती कालपर्यंत चार जणांच्या भाजीचा हिशोब तोंडी करत होती, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. तसंच बीपीचं. एखाद्याचं वरचं बीपी ११० असेल तर ते चांगलंच. पण ज्याचं गोळ्या घेऊनही १५० असतं, त्याचं ११० ही धोक्याची घंटा असू शकते.

एका कागदावर एवढं पुरे: नेहमीचं बीपी, नाडी आणि ऑक्सिजन, वजन, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी आहे, शेवटचा क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) किती होता, आणि "स्वतः चालते, फोन लावते, पैसे मोजते" अशी एक साधी ओळ.

३. कोणाकडे जास्त लक्ष द्यायचं

साठीच्या पुढची माणसं, मधुमेही, किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेले, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेले, प्लीहा काढलेले, नुकतंच ऑपरेशन झालेले, लघवीची नळी घातलेले. बाळंतीण आणि तान्हं बाळ यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. पण तरण्याताठ्या माणसालाही सेप्सिस होतो, विशेषतः पावसाळ्यात. मुंबई-कोकण-गोव्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो होतो, विदर्भात शेतातल्या गवतातल्या चिगर माइट चावून स्क्रब टायफस होतो. दोन्ही बिघडले तर असेच अवयवांवर जातात. डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात उतरलो होतो", "गवत कापायला गेलो होतो" हे आपणहून सांगा. न विचारता सांगितलेल्या या एका वाक्याने औषध बदलू शकतं.

४. या खुणा दिसल्या की घड्याळ बघा

कुठल्याही इन्फेक्शनसोबत, किंवा इन्फेक्शनची शंका असताना, यातलं काहीही नव्याने दिसलं तर "उद्या बघू" म्हणायचं नाही:

– बोलण्यात गोंधळ, भलतंच नाव घेणं, असंबद्ध बडबड, किंवा नुसतंच झोपून राहणं आणि उठवल्यावर पुन्हा डोळे मिटणं
– श्वास जलद, वाक्य एका दमात पुरं न होणं
– दात वाजेपर्यंत हुडहुडी
– हातपाय गार, घामेजलेले. कातडीवर निळसर जाळीसारखे डाग
– दिवसभरात लघवी जवळजवळ नाहीच
– दुखणं आजाराच्या मानाने फार जास्त, किंवा "मला काहीतरी भयंकर होतंय" असं माणसाने स्वतः म्हणणं

सावळ्या कातडीवर निळेपणा पटकन दिसत नाही. ओठ, जिभेचा रंग, तळहात, तळपाय आणि डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतली बाजू बघा.

सगळ्यात मोठा सापळा तापाचा. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, असं नसतं. म्हाताऱ्या माणसांत, स्टिरॉइड घेणाऱ्यांत कधी कधी ताप चढतच नाही. उलट अंग ९६.८ फॅरनहाइटच्या खाली गार पडणं हीच खूण असू शकते. आणि दर सहा तासांनी पॅरासिटामॉल चालू असेल तर थर्मामीटर काय दाखवणार? गोळी कधी दिली ती वेळ लिहून ठेवा.

दुसरा सापळा "साखर उतरली असेल" हा. आम्ही आईला साखरपाणी पाजलं. घरात ग्लुकोमीटर होता, कपाटात. बोटाला सुई टोचून मोजायला एक मिनिट लागतं. नंतर मोजली तेव्हा साखर ३४० निघाली.

५. दहा मिनिटांत घरी मोजा

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यात चूक होते. "श्वास मोजते" असं सांगूही नका, माणूस लगेच श्वास बदलतो. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवा आणि नजर पोटावर ठेवा. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचे १२ ते २० श्वास ठीक. २२ किंवा जास्त असतील तर सावध व्हा, २५ झाले तर निघा.

बीपीचं मशीन असेल तर वरचा आकडा १०० किंवा खाली ही काळजीची गोष्ट, ९० किंवा खाली ही इमर्जन्सी. मशीन "एरर" दाखवत राहिलं तर मशीन बिघडलं असं धरून बसू नका. आईच्या वेळी आम्ही तीनदा सेल बदलले. सेल चांगलेच होते.

ऑक्सिमीटर लावताना बोट गरम आहे ना आणि नखाला रंग नाही ना ते बघा. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, त्यामुळे ९५ दिसतंय पण माणूस धापा टाकतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं बोट तीन सेकंदांत परत गुलाबी झालं नाही तर रक्त कडेपर्यंत नीट पोचत नाहीये.

हे सगळं आकडे आणि वेळ यांसकट लिहा. पण दहा मिनिटं म्हणजे दहाच. सगळं मोजून झाल्याशिवाय निघायचं नाही, असला हट्ट नको. आणि आकडे बरे आले पण माणूस "आपला" वाटत नाहीये, तरी निघा.

६. कुठे न्यायचं, कसं न्यायचं

जवळच्या ओपीडीत सलाईन लावून चार तास काढणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी सवय आहे. सलाईन वाईट नाही. सलाईन चालू आहे म्हणून सगळे निर्धास्त होतात, ते वाईट. फॅमिली डॉक्टरांना जरूर फोन करा, पण सरळ विचारा: "इथे ठेवायचं की आयसीयू असलेल्या ठिकाणी आत्ताच न्यायचं?"

महाराष्ट्रात १०८ला फोन लावला तर ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर असतो. फोनवर रडगाणं नको. वय, शुद्ध कशी आहे, श्वास किती, बीपी किती, पत्ता आणि जवळची खूण. गाडी वाटेत असताना घरातल्या दुसऱ्या कोणीतरी हॉस्पिटलला फोन करून तीन प्रश्न विचारावेत: आयसीयूचा बेड आत्ता रिकामा आहे का, रात्री फिजिशियन येतील का, डायलिसिस आणि सोनोग्राफीची सोय आहे का. आमचा पहिल्या ठिकाणी जो वेळ गेला तो या एका फोनने वाचला असता.

बेड नसेल तरी तातडीचे उपचार सुरू करूनच पुढे पाठवा, असा आग्रह धरा. १९८९च्या परमानंद कटारा निकालापासून सुप्रीम कोर्टाची भूमिका स्पष्ट आहे: सरकारी असो की खासगी, जीव वाचवायचे तातडीचे उपचार ही प्रत्येक डॉक्टरची जबाबदारी. धर्मादाय हॉस्पिटलांवर इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी न अडवण्याचं बंधनही आहे. हे भांडायला सांगत नाही. शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा काम होतं.

७. कॅज्युअल्टीत काय बोलायचं

पहिल्या अर्ध्या मिनिटात जे बोलाल ते महत्त्वाचं. "बरं वाटत नाहीये तिला" असं म्हणू नका. असं म्हणा:

"आई, वय ६७, डायबिटीस. पाच दिवस लघवीला जळजळ. आज सकाळी अकरापासून माणसं ओळखत नाही, काल नीट होती. श्वास २८. सकाळपासून लघवी नाही. सेप्सिस असू शकेल का?"

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. आपण डॉक्टरांना शिकवतोय असं वाटतं, पण तसं नाही. बहुतेक डॉक्टर मान वर करून बघतात. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या आरएमओंनी (ड्युटीवरच्या डॉक्टरांनी) माझ्याकडून अकरा वाजताची ती गोष्ट ऐकली आणि लिहिताना हात थांबवून विचारलं, "अकरा? आज सकाळचे?" त्यानंतर सगळं धावत झालं.

८. पहिल्या काही तासांत काय होतं

हे माहीत असलं की आपण आडवे येत नाही.

रक्त काढतात, बरंच. त्यात ब्लड कल्चरच्या बाटल्या असतात, बहुधा दोन वेगळ्या जागांहून. जंतू कुठला ते यातून कळतं, म्हणून अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घेतलेलं बरं. पण त्यासाठी औषध लांबवत नाहीत. पहिला सुगावा लागायला एक-दोन दिवस जातात, शेवटचा रिपोर्ट पाचव्या दिवशीही येतो. "रिपोर्ट नाही आला तरी औषध कसं देताय?" म्हणून आमच्या काकांनी वाद घातला होता. रिपोर्टची वाट बघायची नसते, हेच तर या आजाराचं आहे.

लॅक्टेट नावाची तपासणी करतात. पेशींना रक्तपुरवठा पुरत नसेल तर हा आकडा चढतो. अँटिबायोटिक शॉकमध्ये एका तासाच्या आत द्यावं, आणि शॉक नाही पण सेप्सिसची शंका आहे तर पटापट तपासून तीन तासांच्या आत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. सलाईन भराभर देतात. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर ते आत्ताच सांगा. सलाईननेही बीपी उचललं नाही तर नॉरॲड्रेनलिनचा पंप. "बीपी वाढवायचं इंजेक्शन चालू आहे" असं सिस्टर म्हणतात ते हेच. त्याचा मिलीलिटरचा आकडा कमी होत जाणं ही आयसीयूतली सगळ्यात चांगली बातमी, कोणी मुद्दाम सांगत नाही.

आणि मूळ शोधतात. पू असेल तर काढावा लागतो, नुसत्या औषधाने भागत नाही. आईच्या डाव्या मूत्रवाहिनीत खडा अडकून वरती पू साठला होता. त्याच रात्री डीजे स्टेंट, म्हणजे लघवीला वाट करून देणारी बारीक नळी, घातला. "एवढ्या सिरियस पेशंटला आत्ता कशाला ऑपरेशन, जरा सावरू दे" असं आपल्याला वाटतं. तो पू असेपर्यंत ती सावरणार नव्हती. सही करायला मी वीस मिनिटं घेतली; तुम्ही प्रश्न विचारा, पण वीस मिनिटं घेऊ नका.

९. पिशवीत काय हवं

– आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड असेल तर ते
– मेडिक्लेमचं कार्ड किंवा पॉलिसी नंबर. कॅशलेससाठी भरतीची खबर लगेच द्या, बहुतेक पॉलिसींत २४ तासांची मुदत असते
– जुनी डिस्चार्ज कार्डं, शेवटचे रिपोर्ट
– चालू गोळ्यांची पाकिटं, जशीच्या तशी. "एक पांढरी गोळी सकाळी" याचा उपयोग नाही
– गेल्या आठवड्यात मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्याही. लपवू नका. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे कल्चरमध्ये कधी कधी जंतू उगवतच नाही, आणि डॉक्टर कोडं सोडवत बसतात
– 'नेहमीचं' लिहिलेला कागद, वही, पेन, चार्जर

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का ते विचारा आणि तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा. डिस्चार्जच्या दिवशी आठवलं तर फार उशीर होतो. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा.

१०. आयसीयूच्या दाराबाहेर

एकच माणूस डॉक्टरांशी बोलेल असं ठरवा आणि त्याच्याकडे वही द्या. रोज विचारायचे प्रश्न थोडेच आहेत: बीपीचं औषध कालपेक्षा कमी की जास्त? लघवी किती झाली? क्रिएटिनिन आणि प्लेटलेट किती? कल्चरमध्ये काय आलं, त्यावरून अँटिबायोटिक बदललं का? कुठली नळी आज काढता येईल? हा शेवटचा प्रश्न मला एका सिस्टरनी शिकवला. प्रत्येक नळी ही नव्या इन्फेक्शनची वाट असते.

आई तिसऱ्या दिवशी म्हणत होती की छताला मुंग्या लागल्यात आणि सिस्टर तिचे दागिने मोजतायत. वेड लागलेलं नसतं. याला डिलिरियम म्हणतात, तो बहुधा ओसरतो. चष्मा आणि कानाचं यंत्र आत पाठवा, भेटीत वार-तारीख सांगा, वाद घालू नका.

११. बाळंतीण आणि तान्हं बाळ

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत ताप, ओटीपोटात दुखणं, अंगावरून घाण वासाचं जाणं, टाके लाल होऊन चिघळणं, यातलं काही झालं तर "दुधाचा ताप" म्हणून घरी ठेवू नका. गर्भपातानंतरही हेच.

तान्ह्या बाळाला सांगता येत नाही आणि ताप येईलच असं नाही. अंगावर ओढायचं कमी होणं, मलूल होणं, हलवल्याशिवाय हालचाल न करणं, अंग गार लागणं, झटके, छाती आत ओढली जाणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास: यातलं एकही दिसलं तर सरळ दवाखाना. हे ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना या खुणा बघायला आणि गरज पडली तर घरी अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांतलं ते काम १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शेवटच्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले होते. आशाताई बाळाला बघायला घरी येतात ती पद्धत याच कामातून वाढली. त्यांना दारातून परत पाठवू नका.

१२. घरी आल्यावर

डिस्चार्ज म्हणजे बरं झालं असं नाही. आईला महिनाभर संडासला जाऊन आलं की धाप लागायची. तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गेले, नखांवर आडव्या रेघा उमटल्या. केस परत आले. दूध उतू जाताना समोर उभी राहूनही गॅस बंद करायचं सुचत नसे, रात्री आयसीयूची स्वप्नं पडत. हे सगळं सेप्सिसनंतर होतं हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं, तर "आता किती दिवस झोपून राहणार" असं घरात कोणी म्हणालं नसतं.

थोडं थोडं चालणं, अंडी-डाळ-दूध, फिजिओथेरपी. क्रिएटिनिन परत तपासा. बंद केलेल्या बीपीच्या गोळ्या परत कधी सुरू करायच्या ते विचारा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा. स्टेंट घातला असेल तर तो काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा, लोक खरंच विसरतात. पुढचे तीन महिने नवीन इन्फेक्शनला फार जपा, कारण परत भरती व्हायची वेळ याच काळात जास्त येते. इनडोअर पेपरची (भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदींची) प्रत मागा. अर्ज केल्यापासून ७२ तासांत ती मिळायला हवी.

आमच्याकडे तो 'नेहमीचं'चा कागद आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. बीपी १४०/८०, ऑक्सिजन ९७, वजन ५८, सल्फाची ॲलर्जी. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना बघितलं तर खाली आईच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: "ताईच्या नावाने हाक मारली तर ताबडतोब न्यावे. पुरण राहू द्यावे."